रिपोर्टमधला ठळक आकडा : पीएसए कुणी तपासावा, कधी, आणि वाढला तर पुढं काय

मे २०२५ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांना प्रोस्टेटचा कॅन्सर असल्याची बातमी आली. तोवर तो हाडांपर्यंत पोचला होता. वय ८२. दारात चोवीस तास डॉक्टर असलेल्या माणसाचं निदान इतक्या उशिरा कसं, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्यांच्या कार्यालयाने खुलासा केला की शेवटची पीएसए तपासणी, म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी, २०१४ साली झाली होती. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती आणि सत्तरीनंतर ही तपासणी सरसकट करू नये, असं तिकडची मार्गदर्शक सूचनाच सांगते. म्हणजे कुणी विसरलं नव्हतं. ठरवूनच थांबवलं जातं.

कॅन्सर लवकर सापडावा हे सगळ्यांना पटतं, मग तपासणी थांबवा असं जाणकार का म्हणतात? हे कोडं सुटलं की या विषयातलं बरंच काही सुटतं. कोल्हापुरात तर ते सुटायलाच हवं, कारण आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. पुण्यातला मुलगा ७८ वर्षांच्या वडिलांना फुल बॉडी चेकअपचं पॅकेज भेट देतो, त्यात पीएसए फुकटात येतो, आकडा वाढलेला निघतो आणि घर हादरतं. ज्याच्या वडिलांना हाच कॅन्सर झाला होता तो ५२ वर्षांचा माणूस मात्र लघवी साफ होते म्हणून या वाटेला जात नाही.

लिंबाएवढी ग्रंथी, मधून जाणारी नळी

प्रोस्टेट ही फक्त पुरुषांना असणारी ग्रंथी. मराठीत तिला पुरःस्थ ग्रंथी म्हणतात, पण ओपीडीत सगळे प्रोस्टेटच म्हणतात. ती मूत्राशयाच्या तळाशी, गुदाशयाच्या अगदी पुढं बसलेली असते. तरुणपणी वजन २० ग्रॅमच्या आसपास. वीर्यातला काही द्रव तयार करणं हे तिचं काम. लघवीची नळी तिच्या मधोमध जाते आणि पुढचा सगळा घोळ या एका रचनेमुळे होतो.

एक लिंबू घ्या आणि त्यातून आरपार स्ट्रॉ घाला. लिंबाचा आतला गर फुगला तर स्ट्रॉ आवळली जाते. पन्नाशीनंतर बहुतेकांचं होतं ते हेच : धार बारीक होते, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, संपल्यावरही थेंब गळतात. ही साधी वाढ आहे, कॅन्सर नव्हे, आणि ती कॅन्सरमध्ये बदलतही नाही.

कॅन्सर बहुतेक वेळा सुरू होतो तो सालीत. दहापैकी सुमारे सात गाठी ग्रंथीच्या बाहेरच्या, मागच्या भागात असतात. सालीवरच्या डागाने स्ट्रॉ आवळत नाही, त्यामुळं सुरुवातीच्या कॅन्सरला बहुधा काहीच लक्षण नसतं. ज्याला लघवीचा त्रास आहे त्याला बहुधा कॅन्सर नसतो, आणि ज्याला कॅन्सर सुरू झालाय त्याला बहुधा त्रास नसतो. दोन्ही एकदम असू शकतात, हा भाग वेगळा.

"काय हुतंय? लघवी तर साफ हुतीया"

उसाला हुमणी लागते तेव्हा वरून फड हिरवागार दिसतो. अळी जमिनीखाली मुळं खात असते. पानं पिवळी पडू लागतात, बुडखा हाताने ओढला की सहज उपटून येतो, तोवर आतलं काम झालेलं असतं. म्हणून शहाणा शेतकरी पान पिवळं पडायची वाट बघत नाही. पावसाळ्याच्या तोंडाला भुंगेरे दिसले की तो बुडाजवळची माती उकरून बघतो.

प्रोस्टेटच्या कॅन्सरचं असंच आहे. त्याची स्वतःची म्हणावीत अशी लक्षणं उशिरा येतात : कंबर, पाठ किंवा खुब्यात रात्रीही न थांबणारं दुखणं, कारण नसताना उतरत जाणारं वजन, लघवीतून रक्त. हा कॅन्सर पसरताना हाडं धरतो, त्यातही मणके आणि कमरेची हाडं आधी. इथं कोल्हापूरकरांनी एक लक्षात ठेवावं. कंबर धरली की तालमीत नाहीतर हाडवैद्याकडं जाऊन रगडून घ्यायची आपली जुनी सवय. साध्या स्नायूदुखीला ती चालून जाते. पन्नाशीपुढच्या माणसाची पाठ तीन-चार आठवडे दुखते आहे, झोपेतही दुखते आहे, तर मालिशच्या आधी एक एक्स-रे आणि रक्ततपासणी करावी. कॅन्सरने पोखरलेलं हाड दाबाने मोडू शकतं. त्या पाठदुखीबरोबर पायात जोर कमी वाटू लागला, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. तिथं दिवस मोजायचे नसतात, तास मोजायचे असतात. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायचं.

पीएसए म्हणजे डेअरीतला लॅक्टोमीटर

पीएसए हे प्रोस्टेटमध्येच तयार होणारं प्रथिन. वीर्य पातळ करायचं त्याचं काम आणि थोडंसं रक्तात झिरपतं. रक्तातलं हे प्रमाण एका मिलिलिटरमध्ये किती नॅनोग्रॅम, असं मोजतात. बहुतेक लॅबच्या रिपोर्टवर ० ते ४ ही मर्यादा छापलेली असते आणि त्यापुढचा आकडा ठळक अक्षरात येतो.

ग्रंथी मोठी झाली, सुजली, दुखावली किंवा तिच्यात कॅन्सर आला, कशानेही झिरपणं वाढतं. पीएसए प्रोस्टेटचा आहे, कॅन्सरचा नाही.

गावातल्या दूध संस्थेत पहाटे काय होतं ते आठवा. लॅक्टोमीटर बुडवला, डिग्री कमी लागली. लगेच पाणी घातलं असं ठरतं का? दूध नुकतंच काढलेलं, कोमट असेल तरी डिग्री कमीच दिसते. थंड करून परत बघावं लागतं. उलट बाजूही आहे. साय काढून घेतली आणि मग पाणी घातलं तर डिग्री बरोबर लागते आणि भेसळ निसटते. पीएसए दोन्ही बाजूंनी असाच चकवतो. आकडा ४ ते १० मध्ये असेल तर बायोप्सीत साधारण चौघांत एकाला कॅन्सर सापडतो, तिघांना नाही. १० च्या वर साधारण दोघांत एकाला. आणि ४ च्या आत असलेल्यांच्याही बायोप्सी एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात केल्या, तेव्हा सुमारे १५ टक्क्यांमध्ये कॅन्सर निघाला, बहुतेकांचा सौम्य जातीचा.

तेव्हा ४ हा काही तालुक्याच्या हद्दीचा दगड नाही. ३.९ वाला सुटला आणि ४.१ वाला अडकला, असं नसतं.

रक्त देण्याआधीचे ४८ तास

चुकीच्या दिवशी रक्त दिल्याने जितके लोक घाबरतात तितके खऱ्या आजाराने घाबरत नसतील. उपाशीपोटी जायची गरज नाही. पण काही गोष्टी पाळाव्या लागतात.

आधीचे दोन दिवस वीर्यस्खलन टाळा. लांबची सायकल रपेट टाळा, कारण सायकलची सीट नेमकी या ग्रंथीखाली दाब देते. लघवीला जळजळ, ताप किंवा जंतुसंसर्ग असेल तर तपासणी करूच नका. तो बरा होऊन सहा आठवडे जाऊ द्या. संसर्गात पीएसए २०-३० वर गेलेला आणि नंतर आपोआप खाली आलेला दिसतो. लघवी तुंबून नळी घातली असेल, दुर्बिणीने तपासणी किंवा बायोप्सी झाली असेल, तरीही तेवढंच थांबा. डॉक्टर गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेट तपासणार असतील तर रक्त आधी द्या.

आता गोळ्या. धार बारीक झाली म्हणून चालू असलेल्या औषधाचं पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. त्यात फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड असेल तर ती ग्रंथी आक्रसवते आणि साधारण सहा महिन्यांत पीएसए निम्म्यावर आणते. म्हणजे रिपोर्टवर २.८ आला तर तो मनात ५.६ असा वाचायचा. हे लॅबला ठाऊक नसतं, कागदावर सगळं नॉर्मल दिसतं आणि कॅन्सर निसटतो. टॅम्सुलोसिन एकटंच असेल तर असा फरक पडत नाही, पण आपल्याकडे टॅम्सुलोसिन आणि ड्युटास्टेराइड एकाच गोळीत देण्याची पद्धत रूढ आहे. टक्कल थांबवायला काही जण फिनास्टेराइड घेतात, त्यांनाही हेच लागू. केसांसाठी बायोटिनचे मोठे डोस चालू असतील तर तेही सांगा. काही यंत्रांवर त्याने आकडा खोटा कमी येतो.

दरवेळी एकाच लॅबमध्ये तपासा. यंत्र बदललं की आकडा थोडा हलतो, आणि तो हलणं आजार वाढण्यासारखं दिसतं.

६.८ आला. आता?

पहिलं काम : काही न करणं. चार ते सहा आठवडे थांबून, वरची पथ्यं पाळून, तीच तपासणी परत. सोबत लघवीची साधी तपासणी. दुसऱ्या वेळी बऱ्याच जणांचा आकडा खाली येतो आणि विषय तिथंच मिटतो.

दुसऱ्यांदाही वाढलेलाच निघाला तर मूत्ररोगतज्ज्ञ, म्हणजे युरोलॉजिस्ट. ते बोटाने तपासतील. या तपासणीचं नाव काढलं की माणसं खुर्चीतून उठतात, म्हणून ती असते कशी ते सांगतो. डाव्या कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घ्यायचे. हातमोजा, जेल, एक बोट. अर्ध्या मिनिटाचं काम. दुखत नाही, अवघडल्यासारखं होतं. प्रोस्टेटचा मागचा भाग, म्हणजे लिंबाची नेमकी ती साल, गुदाशयाच्या पातळ भिंतीपलीकडं बोटाला लागते. अंगठा करंगळीला टेकवा आणि अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा दाबून बघा. निरोगी प्रोस्टेट तशी लागते. आता बोटाच्या सांध्याचं हाड दाबा. तसा टणक, खडबडीत गोळा लागला तर संशय. नुसत्या बोटावर विसंबून चाळणी करणं, म्हणजे लक्षणं नसलेल्यांत आजार शोधणं, आता मागं पडलंय, कारण लहान गाठी त्यात निसटतात. पण पीएसए वाढलेला असताना त्याची किंमत आहे.

मग सोनोग्राफी. तिच्या रिपोर्टवर ‘प्रोस्टेटोमेगाली ग्रेड २’ असं लिहून आलं की निम्मं घर रडायला लागतं. त्याचा अर्थ एवढाच की ग्रंथी वाढली आहे. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत कॅन्सर दिसतही नाही आणि नाकारताही येत नाही. तिचा खरा उपयोग वजन कळायला होतो. पीएसएला त्या वजनाने भागायचं, याला पीएसएची घनता म्हणतात. ६.८ आकडा आणि ६० ग्रॅमची ग्रंथी असेल तर उत्तर ०.११. मोठी ग्रंथी, म्हणून झिरपणं जास्त, बहुधा साधी वाढ. तोच ६.८ आणि ग्रंथी फक्त २५ ग्रॅमची असेल तर ०.२७. एवढ्याशा ग्रंथीतून एवढा पीएसए येतोय कुठून? ०.१५ च्या वर गेलं की डॉक्टर सावध होतात. हा भागाकार घरीही करता येतो आणि तो करून डॉक्टरांकडे जाणाऱ्याला चांगली उत्तरं मिळतात.

आकडा ४ ते १० मध्ये असताना कधी ‘फ्री पीएसए’ही सांगतात. एकूण पीएसएपैकी मोकळा किती टक्के, ते. २५ टक्क्यांच्या वर असेल तर दिलासा, १० च्या खाली असेल तर काळजी, मधलं मधेच लटकतं.

यानंतर प्रोस्टेटचा एमआरआय, आणि तो बायोप्सीच्या आधी. क्रम महत्त्वाचा आहे. बायोप्सीने आत रक्त साकळतं आणि नंतरचं चित्र काही आठवडे गढूळ येतं. एमआरआयमध्ये संशयाला १ ते ५ गुण देतात. १-२ म्हणजे बहुतेक निर्धास्त, ४-५ म्हणजे बायोप्सी करावी, ३ म्हणजे घनता, वय, घराणं बघून ठरवावं. एमआरआय स्वच्छ आणि बाकी धोका कमी असेल तर बायोप्सी टाळता येते. वीस वर्षांपूर्वी वाढलेला पीएसए म्हणजे थेट सुया असं होतं. आज तसं नाही. कुणी नुसत्या एका आकड्यावर उद्याच बायोप्सी करू म्हणत असेल तर दुसरं मत घ्यायला लाजू नका.

"सुई लागली की कॅन्सर पसरतो"

ही भीती फार पसरलेली आहे आणि तिच्यापायी लोक वर्षं घालवतात. प्रोस्टेटच्या बायोप्सीने कॅन्सर पसरतो, असा पुरावा नाही. गैरसमज येतो कुठून, तेही समजण्यासारखं आहे : निदान झालं तेव्हा आजार आधीच पसरलेला असतो, बायोप्सीनंतर तो कळतो, आणि नातेवाईक बायोप्सीला दोष देतात.

बायोप्सीत बारीक सुईने १० ते १२ तुकडे घेतात, शिवाय एमआरआयमध्ये दिसलेल्या जागेचे दोन-चार. जागा बधिर करून होतं. सुई दोन वाटांनी जाते, गुदाशयातून किंवा वृषण आणि गुदद्वार यांच्यामधल्या कातडीतून. गुदाशयाच्या वाटेने जंतू आत जायचा धोका जास्त, म्हणून ती वाट घेताना अँटिबायोटिक नीट द्यावं लागतं. कातडीच्या वाटेने तो धोका बराच कमी. लघवीत दोन-चार दिवस रक्त, वीर्यात काही आठवडे तांबूसपणा, हे अपेक्षित आहे. थंडी वाजून ताप आला तर मात्र घरी क्रोसिन घेऊन झोपायचं नाही, लगेच रुग्णालय. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा आणि ती मनाने बंद करू नका. हृदयात स्टेंट असलेल्याने तर मुळीच नको.

सापडला म्हणजे कापायलाच हवा?

परत शेतात येऊ. शेणखताच्या खड्ड्यात फावडं मारलं की जाडजूड पांढऱ्या अळ्या निघतात. दिसायला थेट हुमणी. पण त्यातल्या पुष्कळशा कुजलेल्या शेणावर जगणाऱ्या, पिकाला तोंड न लावणाऱ्या असतात. प्रत्येक पांढऱ्या अळीवर औषध ओतलं तर पैसा जातो आणि जमीनही.

प्रोस्टेटमध्ये अशा निरुपद्रवी अळ्या खूप. ऐंशीच्या घरात इतर कारणांनी गेलेल्या पुरुषांच्या ग्रंथी तपासल्या, तर निम्म्याहून अधिकांत कॅन्सरच्या पेशी सापडतात. त्यांना त्याने काही केलेलं नसतं, पत्ताही नसतो. बायडेन यांच्या वयाच्या माणसाची तपासणी सरसकट करू नका म्हणतात ते यासाठी. सापडेल भरपूर, त्यातलं मारक थोडं, आणि उपचारांचा त्रास मात्र सगळ्यांना. अधूनमधून एखादा मारक निसटतो. तो निसटणार हे धरूनच सूचना केलेली आहे. बातमीत आपल्याला तो एकटाच दिसतो.

अळी कुठली हे ठरतं सूक्ष्मदर्शकाखाली. पेशींच्या ठेवणीला ग्लीसन गुण देतात. रिपोर्टवर ३+३=६ असं लिहिलेलं असतं. हे परीक्षेतले दहापैकी सहा नव्हेत. मोजणी व्यवहारात सहापासूनच सुरू होते, म्हणजे सहा ही सगळ्यात सौम्य पायरी. ७ मध्येही ३+४ आणि ४+३ एक नव्हेत. पहिला आकडा जास्त पसरलेल्या ठेवणीचा, म्हणून ४+३ वाईट. ८ ते १० आक्रमक. बायडेन यांचा ९ होता.

ग्लीसन ६, पीएसए १० च्या आत आणि गाठ ग्रंथीपुरती असेल तर आज बहुतेकांना पहिला सल्ला मिळतो तो सक्रिय देखरेखीचा. उपचार नाही, पण पहारा आहे : दर सहा महिन्यांनी पीएसए, वर्षातून एकदा बोटाची तपासणी, वर्षभरात परत एमआरआय आणि बायोप्सी, पुढं काही वर्षांच्या अंतराने. आजार सरकतोय असं दिसलं तर उपचार. यात ग्यानबाची मेख एकच : माणूस पहाऱ्यावर यायला हवा. एकदा ‘काही नाही म्हणाले’ असं घरी सांगून जो परत फिरकत नाही, त्याच्यासाठी ही पद्धत नाही.

ब्रिटनमध्ये ५० ते ६९ वयाच्या १,६४३ रुग्णांचे तीन गट केले : देखरेख, शस्त्रक्रिया, रेडिओथेरपी. पंधरा वर्षांनी, २०२३ मध्ये निकाल आला. तिन्ही गटांत सुमारे ९७ टक्के लोकांचा या कॅन्सरने मृत्यू झाला नव्हता. देखरेख गटात आजार शरीरात इतरत्र पसरण्याचं प्रमाण मात्र जवळपास दुप्पट होतं, ९ टक्क्यांच्या वर, आणि त्या गटातल्या ६० टक्क्यांहून अधिकांनी मधल्या काळात शस्त्रक्रिया किंवा रेडिओथेरपी करून घेतली होती. दुसऱ्या पारड्यात हे : सहा वर्षांनी शस्त्रक्रिया गटातले १७ टक्के लोक लघवी गळते म्हणून पॅड वापरत होते, देखरेख गटात ८, रेडिओथेरपीत ४ टक्के. लैंगिक ताठरतेवरही शस्त्रक्रियेचा फटका सगळ्यात मोठा. या प्रश्नावर आपल्याकडे नवरा-बायको दोघंही डॉक्टरांसमोर गप्प बसतात. ऑपरेशनची तारीख घेण्याआधी स्पष्ट विचारा : नसा वाचवता येतील का, आणि गळती किती महिने राहते?

मग तपासणीने जीव वाचतात का?

ग्रंथीपुरता असताना सापडला तर पाच वर्षं जगण्याचं प्रमाण जवळपास शंभर टक्के, लांब पसरल्यावर सापडला तर एक तृतीयांशाच्या आसपास. अमेरिकेतले हे आकडे शिबिरांच्या फलकांवर झळकतात. खरे आहेत, पण त्यांनी तपासणीचा फायदा सिद्ध होत नाही.

कोल्हापूर-स्वारगेट एसटी धरा. एक जण कोल्हापूरला चढला, दुसरा कऱ्हाडला. दोघंही स्वारगेटला एकाच वेळी उतरले. पहिला जास्त वेळ गाडीत होता म्हणून त्याची गाडी उशिरा पोचली असं नाही. कॅन्सर दोन वर्षं आधी कळला तर निदानानंतरची वर्षं आपोआप दोनने वाढतात, मृत्यूची तारीख तीच राहिली तरी.

म्हणून मोजायचे ते मृत्यू, आणि तेही चिठ्ठ्या टाकून केलेल्या दोन गटांत. युरोपातल्या आठ देशांत तसं झालं. ५५ ते ६९ वयाचे १ लाख ६२ हजार पुरुष, निम्म्यांना पीएसएसाठी बोलावलं, निम्म्यांना नाही. २३ वर्षांचा हिशेब २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाला. बोलावलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी. टक्केवारी मोठी वाटते, म्हणून पंगतीत मोजू : ४५६ पुरुषांची पंगत तपासणीला बोलावली तर एकाचा या कॅन्सरने होणारा मृत्यू टळला. आणि तो एक वाचवताना तपासणी नसती तर न सापडले असते असे १२ जादा कॅन्सर सापडले. फायदा खरा आहे, छोटा आहे, आणि त्याला किंमत आहे. त्या काळात एमआरआय आणि देखरेख आजच्यासारखी रुळलेली नव्हती, त्यामुळं आज ती किंमत कमी मोजावी लागते. आणि हे युरोपातलं गणित आहे. भारतात हा कॅन्सर तिथल्या मानाने कमी आढळतो.

अमेरिकेच्या तज्ज्ञगटाने २०१२ मध्ये कुणालाच पीएसए नको असं सांगितलं होतं. चाचण्या घटल्या आणि पुढच्या वर्षांत पसरलेल्या अवस्थेत निदान होणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. २०१८ मध्ये त्यांनी सूर बदलला : ५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी बोलून ज्याचं त्याने ठरवावं, सत्तरीनंतर नको.

कुणी, कधी, कुठवर

जोखीम नसलेल्याने पन्नाशीत पहिला पीएसए करावा. वडील किंवा सख्ख्या भावाला हा कॅन्सर झाला असेल तर धोका साधारण दुप्पट, म्हणून पंचेचाळिशीत. बीआरसीए-२ या जनुकात दोष असेल तर चाळिशीपासूनच.

इथं एक दुवा हमखास निसटतो. बीआरसीए म्हटलं की स्तनाचा आणि बीजांडकोशाचा कॅन्सर आठवतो, आणि तो बायकांचा विषय म्हणून बाजूला पडतो. तोच दोष पुरुषांत प्रोस्टेटचा आक्रमक कॅन्सर आणू शकतो. आई, मावशी, बहीण, आत्या यांना तरुणपणी असा कॅन्सर झाला असेल तर ते प्रोस्टेटच्या डॉक्टरांना सांगायचं. आजोळची बाजूही मोजायची.

दरवर्षी तपासायची गरज बहुतेकांना नाही. पन्नाशीत आकडा १ च्या खाली आला तर काही वर्षं निवांत राहा. १ ते ३ मध्ये असेल तर दोन वर्षांनी बघा. साठाव्या वर्षी १ किंवा कमी असेल तर पुढं या कॅन्सरने जायची शक्यता अगदीच थोडी. सत्तरीनंतर, त्रास नसेल तर, सरसकट नको. पॅकेजमध्ये आहे म्हणून करायचा नाही. लॅबला ‘वडिलांचा पीएसए वगळा’ असं सांगता येतं. खणखणीत तब्येतीचा, पुढं दहा-पंधरा वर्षं सहज काढेल असा बहात्तरीचा पैलवान गडी असेल तर डॉक्टरांशी बोलून अपवाद. लक्षणं असतील तर वयाची अट नाही. तिथं चाळणी नसते, निदान असतं.

पैसे आणि कागद

पीएसएला खासगी लॅबमध्ये साधारण ५०० ते १,००० रुपये पडतात. खरा खर्च त्यापुढं, एमआरआय आणि बायोप्सीला. सरकारच्या कॅन्सर चाळणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच आहेत, प्रोस्टेट नाही. त्यामुळं आशाताई याची आठवण करून देतील, अशी वाट बघू नका. निदान पक्कं झालं तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिओथेरपीची पॅकेजेस आहेत. सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात किंवा योजनेतल्या कुठल्याही रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, आधी भेटा, रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा. आधी पैसे भरून मग योजना लावू म्हटलं की अडतं.

डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची पाकिटं घ्या, नावं आठवून सांगू नका. आणि जुने रिपोर्ट घ्या. ते दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात. पाच वर्षांपूर्वीचा ०.९, तीन वर्षांपूर्वीचा १.६ आणि यंदाचा ३.४, तिन्ही कागदांवर कुठंही ठळक अक्षर नाही, तिन्हींखाली ‘नॉर्मल’ लिहिलेलं. शेजारी शेजारी ठेवले की डॉक्टर चौथ्या तपासणीची तारीख दोन वर्षांनंतरची न देता दोन महिन्यांनंतरची देतात.